सरळ जाणाऱ्या गाडीचे चार दिवे

बडनेऱ्याहून गाडी सुटली तेव्हा माझ्या पिशवीत संत्री होती, सुनेसाठी एक साडी होती आणि वरच्या खिशात माझं ड्रायव्हिंग लायसन्स होतं. ते मी मुद्दाम नवं करून घेतलं होतं. पुण्याला मी पाहुणचार झोडायला निघालो नव्हतो, कामावर रुजू व्हायला निघालो होतो.

परतवाड्यात मला ओळखणाऱ्यांना हे ठाऊक आहे, पण बाकीच्यांसाठी सांगतो. एकतीस वर्षं मी एसटीची लाल गाडी चालवली, त्यातली बरीचशी चिखलदऱ्याच्या घाटात. माझ्या गाडीने कुणाला साधं खरचटलंही नाही, आणि ही गोष्ट मी जरा जास्त वेळा सांगतो असं माझी बायको म्हणायची. मागच्या वर्षी ती गेली. तेव्हापासून घरात टीव्ही लावला की तेवढाच आवाज. माझा मुलगा प्रशांत पुण्यात नोकरी करतो, सून मीनलही करते, आणि दोघंही संध्याकाळी आठशिवाय घरी पोचत नाहीत. त्यांची मुलगी सई दहा वर्षांची आहे. तिचा कथकचा क्लास सदाशिव पेठेत आणि घर वडगावला. आठवड्यातून चार दिवस तिला नेऊन आणणारं माणूस त्यांना हवं होतं. "बाबा, तीन आठवडे राहून बघा," प्रशांत फोनवर म्हणाला. "जमलं तर मग कायमचेच या." मी दुसऱ्या दिवशी तिकीट काढलं. आपली कुणाला तरी गरज आहे हे ऐकून मला किती बरं वाटलं, ते लपवण्यात काही अर्थ नाही.

पुणे स्टेशनावर सकाळी उतरलो. प्रशांत घ्यायला येणार होता, पण त्याची मीटिंग निघाली, म्हणून रिक्षा केली. रिक्षावाले अन्वरभाई माझ्याच वयाचे, तीन पिढ्या पुण्यात काढलेले. त्यांचं मराठी इतकं स्वच्छ की मला माझं बोलणं खरखरीत वाटू लागलं. पण वळायचं आलं की हा माणूस डावा पाय रिक्षाबाहेर काढायचा, किंचित हलवायचा आणि वळायचा. तिसऱ्या वेळी मला राहवलं नाही.

"भाऊ, इंडिकेटर बंद आहे का तुमचा?"

"चालू आहे की," ते म्हणाले. "पण इंडिकेटर दिला, की मागचे आणखी जोरात येतात. मी वळायच्या आत निघून जायचं असतं ना त्यांना. पाय दिसला की मात्र थांबतात. पाय मोडला तर भांडण होईल, एवढं कळतं लोकांना."

मी हसलो. चांगला विनोद केला असं वाटलं मला. तो विनोद नव्हता हे कळायला मला चार दिवस लागले.

प्रशांतच्या घरी माझ्यासाठी नवी स्कूटर आणून ठेवली होती. पहिल्याच संध्याकाळी मी सईला तिच्यामागे उभं केलं. आमच्या डेपोत गाडी बाहेर काढण्याआधी कंडक्टर मागे उभा राहून दिवे तपासायचा, तसं तिला शिकवलं. मी ब्रेक दाबला, की ती ओरडायची, "ब्रेक!" मग "डावा!", मग "उजवा!" सोसायटीतली माणसं गॅलरीतून बघत होती. सईला फार मजा आली, आणि मलाही. रात्री हे ऐकून मीनल म्हणाली, "बाबा, असं आमच्या बिल्डिंगमध्ये आजवर कुणी केलं नसेल." तिने कौतुकानेच म्हटलं होतं, पण वाक्य खरं निघालं.

डिसेंबर महिना होता. साडेपाचला क्लास सुरू व्हायचा आणि पावणेसातला सुटायचा. म्हणजे जाताना उजेड, येताना अंधार. जाताना मला पुणं आवडायचं. सिंहगड रस्त्यावर गर्दी असायची, पण मी गर्दीला भ्यालेला माणूस नाही. यात्रेच्या दिवसांत टपावर माणसं बसलेली गाडी मी घाटातून उतरवली आहे. पण येताना मला काही दिसायचंच नाही.

हे नीट सांगतो, कारण आपल्याकडे यावर विश्वास बसणार नाही. समोरून येणारी प्रत्येक गाडी अप्परवर. प्रत्येक. चांगले रस्त्यावरचे दिवे लागलेले आहेत, दुकानांचा झगमगाट आहे, सुई पडली तरी सापडेल असा उजेड आहे, आणि तरी ह्यांचे दिवे झाडाच्या शेंड्यांकडे. तेही आताचे पांढरेफटक. डोळ्यांत गेले की दोन-तीन क्षण नुसतं निळं-हिरवं दिसतं, आणि तेवढ्यात एखादी मोटारसायकल उलट्या बाजूने, आपल्याच लेनमधून, तीही अप्परवर समोर येते. उलटा येणारा निदान शरमेने तरी दिवा खाली करील, असं मला वाटायचं. उलट तोच हॉर्न वाजवतो. पुढे चाललेल्या गाडीचा मागचा दिवा फुटलेला. बाजूच्या स्कूटरचा इंडिकेटर दांडेकर पुलापासून वडगावपर्यंत उजवीकडे चालू, आणि वळली मात्र डावीकडे. एका पोराने नंबरप्लेटखाली लाल-निळे लुकलुकणारे दिवे लावले होते. मी त्याला रुग्णवाहिका समजून वाट दिली. त्याने वाट घेतली आणि मागे वळूनही पाहिलं नाही.

एकदा सिग्नलला माझ्यासमोर, पलीकडच्या बाजूला, एक कॉलेजचा मुलगा अप्पर लावून उभा होता. सिग्नल सुटल्यावर तो नेमका माझ्या शेजारी गर्दीत अडकला. मी म्हटलं, "बाप्पा, डिपरवर चालव ना. समोरच्याले काही दिसत नाही."

"डिपर म्हणजे?"

मी त्याच्या हँडलवरचं बटण दाखवलं.

"अच्छा, लो बीम. नाही काका, लो बीमवर क्लिअर दिसत नाही मला."

"तुले दिसत नाही म्हणून मलेही दिसू नये का?"

त्याने थोडा विचार केला. खरंच केला, उद्धटपणा नव्हता त्याच्यात. मग म्हणाला, "तुम्ही पण हाय बीम लावा ना काका. इक्वल होईल." आणि गेला.

सईचा क्लास सुटेपर्यंत मला तासभर मोकळा मिळायचा. क्लासच्या गल्लीत एक अमृततुल्य (चहाचं दुकान) आहे. तिथला चहा इतका गोड आणि घोटीव की आपल्याकडे त्याला बासुंदी म्हणतील. शेजारी गरम साबुदाणा वडे मिळतात, सोबत दाण्याची चटणी. दोन वडे आणि अर्धा चहा झाला की मी पेठेत फेरी मारायचो. अशाच एका फेरीत मला गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान दिसलं. आपल्या वेळी हेडलाइटच्या वरच्या भागावर काळा पट्टा मारायची पद्धत होती, समोरच्याच्या डोळ्यांवर प्रकाश जाऊ नये म्हणून. निदान आपण आपल्यापुरतं करावं म्हणून मी आत गेलो. दुकानदार जाड चष्म्याचे, पेपर वाचत बसलेले.

"हेडलाइटला लावायची काळी पट्टी आहे का?"

त्यांनी पेपर खाली केला आणि माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "आपण कुठून आलात?"

"परतवाडा. अमरावतीकडे."

"तरीच. पट्टी मागणारे संपले. आता येतात ते विचारतात, यापेक्षा जास्त पांढरा आहे का?" त्यांनी मागच्या फळीकडे बोट दाखवलं. तिथे जादा दिव्यांची खोकी रचून ठेवली होती. "हे घ्या. ट्रकवाल्याच्या डोळ्यात गेला तर तो थेट दवाखान्यात."

"तुम्हीच विकता हे?"

"विकतो. आणि सहाला दुकान बंद करून उजेडात घरी जातो. माझ्या गिऱ्हाइकांच्या समोरून यायची माझी हिंमत नाही."

पुणेरी फटकळपणाबद्दल मी पुष्कळ ऐकलं होतं आणि तो ऐकायला मी आतुरही होतो. पण हा माणूस मला टोमणा मारत नव्हता. त्याने हात टेकले होते. मी वायरीची काळी चिकटपट्टी घेतली, माझ्या दिव्याच्या वरच्या भागावर लावली आणि निघालो. दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या वॉचमनने मला सांगितलं, "काका, तुमचा हेडलाइट तुटलाय. कुणीतरी टेप लावलाय त्याला."

दुसऱ्या रविवारी प्रशांत आम्हाला खडकवासल्याला घेऊन गेला. धरणाच्या कडेला गाडी उभी करून आम्ही भाजलेली कणसं (आपला भुट्टा) खाल्ली, तिखट-मीठ-लिंबू चोळून. पाणी शांत होतं, वारा गार होता. सई भिंतीच्या कडेने तोडे (कथकमधले नाचाचे तुकडे) करून दाखवत होती. जानेवारीत तिच्या क्लासचा कार्यक्रम होता आणि पहिल्यांदाच ती पुढच्या ओळीत होती. मीनल माझ्या शेजारी येऊन बसली. म्हणाली, "बाबा, छोट्या खोलीतलं सामान हलवलंय मी. तुमचा पलंग खिडकीशी लावू या का?" मी हो म्हणालो. परतवाड्याचं घर भाड्याने द्यावं, की तसंच कुलूप लावून ठेवावं, याचा विचार मी तिथे बसूनच सुरू केला.

संध्याकाळच्या त्या अर्ध्या तासाबद्दल मी घरी कुणालाच काही सांगितलं नव्हतं. घरी पोचलो की सईला वर पाठवून मी खाली पार्किंगमध्येच बसून राहायचो. स्कूटर पुसतो, असं तिला सांगायचो. प्रत्येक वेळी मनात येई की आपले डोळे गेले असावेत. म्हणून गुपचूप एका चष्म्याच्या दुकानात जाऊन तपासून घेतले. नंबर तोच होता. डोळ्यांत दोष निघाला असता तर बरं झालं असतं. त्याला निदान उपाय असतो.

तिसऱ्या आठवड्यातला मंगळवार. क्लास सुटला. मोठ्या रस्त्याचा मारा थोडा तरी चुकावा म्हणून मी आतल्या गल्लीतून आलो. ही गल्ली सिंहगड रस्त्याला जिथे मिळते तिथे बिनसिग्नलचा चौक आहे. मला डावीकडे वळून रस्त्याला लागायचं होतं. मी थांबलो. पाय टेकले. सई मागे मला धरून बसली होती आणि तोंडाने नाचाचे बोल म्हणत होती.

उजवीकडून एक पांढरी मोटार येत होती. तिच्या उजव्या अंगाला अप्पर लावलेली एक रिक्षा जराशी पुढे होती, तिच्या झोतामुळे मोटारीची मला दिसत होती ती फक्त डावी बाजू. त्या बाजूचा इंडिकेटर लुकलुकत होता. डावा इंडिकेटर. म्हणजे ही मोटार माझ्याच गल्लीत वळणार, म्हणजे रस्ता मोकळा. एकतीस वर्षं ज्या दिव्यावर भरवसा ठेवून गाडी चालवली, तो हा दिवा. मला बरंही वाटलं, की चला, एकाने तरी इंडिकेटर दिला. मी सावकाश स्कूटर पुढे घेतली.

मोटार वळली नाही. ती सरळ आली.

मोटारवाल्याने ब्रेक दाबला, हे खरं. मोटारीचा कोपरा फक्त माझ्या हँडलला लागला. पण स्कूटर डावीकडे कलंडली आणि सईचा डावा पाय खाली सापडला. ती ओरडली नाही. "आजोबा, पाय निघत नाहीये," एवढंच म्हणाली, अगदी हळू. तो आवाज माझ्या कानातून जात नाही.

माणसं धावली, स्कूटर उचलली. मोटारीतून एक पंचविशीचा मुलगा उतरला, घामाने थबथबलेला. त्याने सईला उचललं, मोटारीत बसवलं, पाणी दिलं. मी त्याची कॉलर धरली. आयुष्यात पहिल्यांदा मी रस्त्यावर कुणाची कॉलर धरली.

"इंडिकेटर देऊन सरळ काहून आलास?"

"काका, मी डावा दिलाच नव्हता. चारही लावले होते मी!" तो रडवेला झाला होता. "सरळ जायचं होतं ना मला, म्हणून चारही लावले."

मी मोटारीकडे पाहिलं. चारही कोपऱ्यांवरचे दिवे अजून लुकलुकत होते. गाडी बंद पडली, रस्त्यात अडकली, तर मागच्याला सांगायला असतात ते. घाटात गाडी फेल झाली की आम्ही ते लावायचो आणि चाकाखाली दगड ठेवायचो. हा पोरगा ते लावून जगाला सांगत होता, की मी डावीकडेही वळत नाही आणि उजवीकडेही नाही. आणि बाजूने बघणाऱ्याला मात्र एकच दिवा दिसतो.

"सरळ जायचे दिवे कोणी सांगितले तुले?"

"ड्रायव्हिंग क्लासमध्येच सांगितलं, काका. चौकात सरळ असेल तर चारही."

"बरोबर आहे त्याचं," गर्दीतला एक जण म्हणाला. "मी पण लावतो."

"सगळेच लावतात," दुसरा म्हणाला. "तुम्ही गल्लीतून आलात, तुम्ही बघायला पाहिजे होतं."

कॉलर माझ्या हातातून सुटली. एवढ्या माणसांत माझ्या बाजूने बोलणारं कुणी नव्हतं. ती माणसं वाईट नव्हती. एकाने माझी चप्पल शोधून आणली, एका बाईने सईच्या डोक्यावरून हात फिरवला. पण त्या चौकात मी एकटाच चुकीचा होतो. दवाखान्यात जाताना मी त्या मुलाला गाव विचारलं. म्हणाला, वर्धा. आपल्याच भागातला. गाडी मात्र इथे शिकलेला.

सईच्या घोट्याजवळचं हाड मोडलं होतं. सहा आठवडे प्लास्टर. म्हणजे जानेवारीचा कार्यक्रम गेला. प्रशांत आला, मीनल आली. मला दोघंही एका शब्दाने वाकडं बोलले नाहीत. "बाबा, तुमची काही चूक नाही," असं प्रशांत तीनदा म्हणाला. तीनदा म्हणावं लागलं, यावरून काय ते मला कळलं. मला कुणी रागावलं असतं तर मी सगळं सांगून मोकळा झालो असतो, डोळ्यांचं, पार्किंगमध्ये बसून राहण्याचं. ती वेळच आली नाही.

दुसऱ्या दिवशी मी सईजवळ बसून संत्रं सोलत होतो. ती मला धीर देत होती. "आजोबा, पुढच्या वेळी ना, लाइटकडे बघायचंच नाही. लाइट लोक कसेही लावतात. टायर कुठे वळतोय ते बघायचं. आमच्या व्हॅनचे काका तेच करतात." दहा वर्षांच्या मुलीने मला गाडी कशी चालवायची ते समजावलं, आणि तिचं म्हणणं त्या गावापुरतं अगदी खरं होतं. मी मान हलवली. संत्र्याच्या फोडी तिच्या हातात दिल्या आणि तोंड धुवायला म्हणून उठलो.

तीन आठवडे संपले. प्रशांत मला स्टेशनवर सोडायला निघाला. दुपारची वेळ होती, स्वच्छ ऊन. पहिला मोठा चौक आला. आम्हाला सरळ जायचं होतं. गाडीत टिकटिक सुरू झाली. मी पाहिलं, तर प्रशांतचं बोट चारही दिवे लावायच्या लाल त्रिकोणाच्या बटणावरून परत येत होतं.

हा माझा मुलगा. सुट्टीत माझ्या गाडीत पहिल्या सीटवर बसून चिखलदऱ्यापर्यंत यायचा आणि मी कुठला दिवा का लावला, ते विचारून विचारून मला भंडावून सोडायचा.

"प्रशांत, सरळच जायचं आहे ना?"

"हो बाबा." मग त्याला कळलं. त्याचा चेहरा उतरला. त्याने बटण बंद केलं. "सवय झालीय. नाही लावलं तर बाजूचे घुसतात, बाबा. लावलं की निदान एखादा तरी थांबतो."

पुढचा चौक आला, आणि त्याचा हात पुन्हा तिकडे गेला. अर्ध्यावर थांबला, पुन्हा स्टिअरिंगवर आला. त्याच्या पुढच्या चौकात मी खिडकीबाहेर पाहत राहिलो, आणि टिकटिक ऐकू आली. ते जाणून केलेलं नव्हतं. सईच्या पायाला प्लास्टर घालून दहा दिवसही झाले नव्हते.

परतवाड्याला येऊन आता दीड महिना झाला. संध्याकाळी मी दुचाकी काढून धारणी रस्त्याने थोडा लांब जाऊन येतो. समोरून ट्रक येतो, लांबूनच दिवा खाली करतो, मी माझा करतो, आम्ही एकमेकांना न ओळखता निघून जातो. अर्थात इथेही नव्या पोरांच्या गाड्यांना पांढरे दिवे लागायला लागलेत, आणि परवा आपल्या बसस्थानकाच्या चौकात एक मोटार चारही दिवे लावून सरळ जाताना मी पाहिली. तेव्हा पुण्याला नावं ठेवून मी मोकळा होणार नाही. ते सगळं इकडेच येतं आहे, आणि ते थांबवेल असं मला कुणी दिसत नाही. समोरच्यालाही डोळे आहेत, एवढीच गोष्ट दिव्याच्या बटणात होती. ती गेली तर कायदा काय करील आणि दंड काय करील.

सईचं प्लास्टर निघालं. ती लंगडत का होईना, चालते. मागच्या रविवारी प्रशांतचा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर मी सांगून टाकलं, की मी काही पुण्याला कायमचा येत नाही. त्याने विचारलं असतं तर खरं कारण सांगायची माझी तयारी होती. हेही सांगणार होतो, की आता माझा माझ्यावरच भरवसा उरलेला नाही, आणि तुझ्या मुलीला पुन्हा मागे बसवायची मला भीती वाटते.

मग प्रशांत म्हणाला, "बरं, बाबा." त्याने कारण विचारलं नाही.